हसऱ्या चेहऱ्याचं भांडण

घरचं केस कापायचं दुकान असताना थोरल्याने परक्या दुकानात जाऊन डोकं दिलं, एवढ्यावरून दोघा भावांत दोन वर्षं अबोला होता. हसू नका, दुकान चालवणाऱ्या धाकट्याच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. दादाशिवाय त्याला चहासुद्धा गोड लागत नव्हता. पण माफी आधी दादाने मागायची, यावर स्वारी अडून बसलेली. तिकडे थोरलाही काही कमी नव्हता.

शेवटी दोघांच्या मुलींनी संगनमत केलं. समोरासमोर आणावं तर हे हातघाईवर येणार, म्हणून भेट ठरली ती आभासी खोलीत. आपापल्या घरी डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवायचा, की आपलं बाहुलं त्या खोलीत उभं. आपण हात हलवला की त्याचाही हात हलणार, चेहरा मात्र कायम हसरा. तोंड उघडलं की दोघेही सगळ्यावर पाणी ओतणार, हे ओळखून पोरींनी आवाज परस्पर बंदच करून ठेवला.

धाकट्याला याचा काय पत्ता! दादाचं बाहुलं दिसताच त्याने तोंडाचा पट्टा सोडला आणि बोट नाचवत सगळा हिशोब चुकता करायला घेतला. पण बाहुल्याला सुटी बोटं नव्हतीच. पलीकडे थोरल्याला दिसत होता तो हसतमुखाने 'ये, ये' करणारा पंजा. साहजिकच थोरल्याचं बाहुलं पुढे सरकलं.

हा तर अंगावर येतोय, असं वाटून धाकटा मागे हटला आणि कपाटावर आदळला. चष्मा घसरला. तो दोन्ही बाजूंनी गच्च धरून त्याने दादाला सुनावणं चालूच ठेवलं. आभासी खोलीत त्याचं बाहुलं छान हसत, दोन्ही कान धरून उभं होतं.

तेवढ्यात त्याने नीट पाहिलं, तर समोर दादानेही कान धरलेले. मोठ्या भावाने आपल्यापुढे कान धरावेत? त्याला भडभडून आलं. काचा ओल्या झाल्या, तसा त्याने चष्मा ओढून काढला.

अर्ध्या तासात थोरला दारात हजर. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, चहा झाला, पोरी दाराआडून डोळे पुसत होत्या.

"तू कान धरलेस, मग मला राहवेना," थोरला म्हणाला.

"मी कुठे? आधी तू धरलेस."

मग धाकट्याने हळूच विचारलं, "दादा, तुझा तो चष्मा नीट बसत होता का रे?"

"कसला बसतोय! सारखा नाकावर येत होता. दोन्ही हातांनी धरून..." दाखवायला वर नेलेले थोरल्याचे हात कानांपाशीच थांबले.

"दादा, खरं सांगू? मी तर तेव्हा तुला..."

"काही सांगू नकोस," थोरला घाईघाईने म्हणाला. "धरले ते धरले. आता परत घ्यायचे नाहीत."

आणि त्याने धाकट्याच्या बशीतलं बिस्कीट उचलून तोंडात टाकलं.