साहेब पाहिजेत, दोन बॅगांसह

एखाद्या जागेवर माणूस बसवायला जेवढी माणसं लागतात, त्याच्या तिप्पट माणसं ती जागा रिकामी ठेवायला लागतात. ही गोष्ट कुठल्याही सरकारला पहिल्या दिवसापासून माहीत असते. जनतेला उशिरा कळते, कारण जनतेला कामं असतात.

कॅनडाच्या पार वरच्या टोकाला ग्रेलिंग बे नावाचं गाव आहे. वस्ती सहाशे, कुत्री धरून हजार. गावाला रस्ता नाही. म्हणजे गावात आहे, गावाकडे येणारा नाही. विमान आठवड्यातून तीनदा येतं (हे टाइमटेबलचं म्हणणं, विमानाचं वेगळं असू शकतं). उन्हाळ्यात एक जहाज येतं, वर्षभराचं डिझेल आणि टॉयलेट पेपर टाकून जातं. या गावाचा कारभार बघायला सरकारने एक मोठी पोस्ट काढली होती, सीनियर ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे साहेब. पोस्ट पक्की होती. पगार पक्का होता. घर पक्कं होतं, घरात प्लास्टिकचं कव्हरही न काढलेला सोफा होता. साहेब तेवढा नव्हता.

साहेबाचं काम जयंती करायची.

जयंती नागपूरची. तिकडे सत्तेचाळीस, इकडे उणे सत्तेचाळीस. आकडा ओळखीचा वाटला म्हणून ती घाबरली नाही. त्याआधी टोरोंटोजवळ ब्रॅम्पटनमध्ये ती एका वेअरहाउसमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवायची, एम.कॉम. असून, कारण तिच्याकडे 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' नव्हता. ग्रेलिंग बेला कुणी एक्स्पीरियन्स विचारला नाही, कारण क्लार्कच्या पोस्टला दुसऱ्या कुणी अप्लायच केलं नव्हतं. एक वर्ष जाऊ, चार पैसे जमवू, भाड्याच्या बेसमेंटमधून बाहेर पडू, असं तिचं आणि नवऱ्याचं, देवेशचं, ठरलं. मुलगी जाई तेव्हा दहा वर्षांची होती.

पहिल्याच नोव्हेंबरात तेव्हाचे साहेब दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून दक्षिणेला गेले. दात बहुतेक खूप होते, कारण ते परत आलेच नाहीत. खात्यातून जयंतीला फोन आला, दोन आठवडे ॲक्टिंग बघशील का? ती हो म्हणाली. ते दोन आठवडे तीन वर्षं चालू होते.

ॲक्टिंग म्हणजे काय, तर काम साहेबाचं, पगार क्लार्कचा आणि शिव्या दोघांच्या. शिवाय एक नियम. पक्का साहेब येईपर्यंत ॲक्टिंगने चार दिवसांपेक्षा जास्त गाव सोडायचं नाही, कारण डिझेलच्या ऑर्डरीवर सही लागते, आणि डिझेल संपलं तर गाव गोठतं. आता ब्रॅम्पटनला जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस. म्हणजे ती घरी जाऊ शकत होती, घरात शिरू शकत नव्हती.

दर रविवारी फोन.

"मॉम, सो, आर यू कमिंग ऑर नॉट?"

"येणार गं. साहेब मिळाला की लगेच."

"यू सेड दॅट इन ग्रेड फाइव्ह."

मग देवेश फोन घ्यायचा आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारायचा. तीन वर्षं हाच प्रश्न. एकदा ती भडकून म्हणाली, "फ्रीजरचं दार उघड आणि आत डोकं घाल, कळेल." त्याने सांगितलं की फ्रीजर बिघडलाय.

साहेब मिळतच नव्हते असं कुणी म्हणू नये. सरकारने टोरोंटोतली एक कंपनी धरली होती, तिचा धंदाच साहेब शोधून द्यायचा. या कंपनीने एक साहेब पाठवले, त्यांनी गावाला व्हिजन दिलं आणि आठवड्यात परत गेले. त्या व्हिजनचं बाइंड केलेलं जाड पुस्तक अजून ऑफिसात आहे, दाराला टेकू म्हणून उत्तम चालतं. दुसरे वल्हवायची कायाक होडी घेऊन आले, जानेवारीत. तिसरे विमानातून उतरले, सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि पायलटला विचारलं, इंजिन बंद केलंस का? नव्हतं केलं.

मग खात्याने अभ्यास केला. (अभ्यासाला आठ महिने लागले. एवढ्या वेळात गर्भातलं मूलसुद्धा बहुतेक तयार होतं.) निष्कर्ष असा निघाला की नेमणूक झाल्यावर माणूस पळतो तो महागात पडतो, त्यापेक्षा नेमणुकीआधीच पळाला तर स्वस्त. म्हणून यापुढे प्रत्येक उमेदवाराला सरकारी खर्चाने गाव दाखवायचं. तिकीट सरकारचं, दोन बॅगा फुकट. खर्च कशातून? रिकाम्या जागेचा पगार वाचतोय त्यातून. हिशेब चोख बसला.

पहिला उमेदवार ओटावाचा, सज्जन. निघायच्या आधी त्याने फोन केला, "येताना काही आणू का?" आता हा प्रश्न इकडचे लोक विचारतात तो विचारायचा म्हणून. उत्तर ठरलेलं असतं, छे छे, तुम्ही आलात हेच खूप. पण फोनवर जयंती होती. कुणी आपल्याकडे येतंय, त्याच्या बॅगेत जागा आहे आणि ती वाया चाललीये, हा विचार मराठी माणसाला झोपू देत नाही. ती म्हणाली, "कांदे. आणि आलं. आणि त्रास नसेल तर कोथिंबीर."

त्याने बॅग भरून आणलं. गाव बघितलं, सगळ्यांशी हात मिळवले, निसर्ग सुंदर आहे असं म्हणाला आणि गेला तो गेलाच. कांदे राहिले.

गावची मेयर लुईसा, साठीची बाई, तिथेच जन्मलेली, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिने कांद्यांकडे बघितलं. "पुढचा कधी येतोय?"

"लुईसा, हाच चांगला होता. याच्याच मागे लागू या ना."

"तो राहिला तर त्याच्या बॅगा एकदाच येणार."

इथून ग्रेलिंग बेमध्ये सुशासनाचा काळ सुरू झाला.

कारण गावाला जे लागायचं ते सरकारी पद्धतीने मागवलं तर तीन कोटेशनं लागायची. तिसरं कोटेशन द्यायचं दुकान बंद पडून दोन वर्षं झाली होती, त्यामुळे ते येत नव्हतं. उमेदवार कोटेशनशिवाय यायचा. उमेदवारांनी हॉकीचे स्केट्स आणले, गिटारच्या तारा आणल्या, शाळेच्या बॉयलरचा थर्मोस्टॅट आणला. हॅलिफॅक्सच्या एका बाईंनी लग्नाचा तीन मजली केक मांडीवर ठेवून आणला (लग्न टिकलं). निवडीचे निकष आपोआप सुधारत गेले. नेतृत्व दहा मार्क, दूरदृष्टी दहा मार्क, पाठीचा त्रास नाही तीस मार्क. ज्याच्याकडे एअरलाइनचं गोल्ड कार्ड, तो डायरेक्ट शॉर्टलिस्ट, कारण त्याला तिसरी बॅग फुकट. विवाहितांना प्राधान्य, 'कुटुंबाची अनुकूलता तपासण्यासाठी जोडीने यावे.' जोडी म्हणजे चार बॅगा.

सगळे खूश होते. उमेदवारांना नॉर्दर्न लाइट्स बघायला मिळायचे. टोरोंटोच्या कंपनीला प्रत्येक उमेदवारामागे फी मिळायची. खात्याने वार्षिक अहवालात लिहिलं, 'भरती प्रक्रिया अत्यंत जोमाने सुरू आहे.' ते खरंच होतं.

एकटी जयंती अडकली होती. आणि कोथिंबीर तिनेच मागितली होती, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती.

मग एका रविवारी जाईने विचारलंच नाही, येणार की नाही. "हाय मॉम, डॅड्स हिअर," म्हणाली आणि फोन दिला. जयंतीने देवेशला थंडी सांगितली, फोन ठेवला, टेबलाला लाथ मारली. पायाला लागलं. लंगडतच तिने ठरवलं, आता ज्याला खरोखर यायचंय असा एक जरी सापडला तरी त्याला बसवायचा. बॅगा गेल्या खड्ड्यात.

आणि रवींद्रकाकांचा अर्ज आला.

रवींद्रकाका ओकव्हिलचे. पुण्याहून एकाहत्तरला आलेले, इंजिनियर, आता रिटायर. नऊ वर्षं तिकडच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मुलांना जेवणात पिझ्झा द्यायचा की नाही यावर मंडळात दोन तट पडले आणि काका पिझ्झ्याविरुद्ध हरले. तेव्हापासून अध्यक्षपदाच्या लायकीचं एक शरीर घरात नुसतं बसून होतं. फोनवर इंटरव्ह्यू झाला.

"काका, तुम्हाला इथे खरंच राहायचंय?"

"अगं, राहायचंय म्हणजे? आम्ही आलो तेव्हा कॅनडात भेंडी मिळत नव्हती. तुझी ती थंडी काय करणार मला? माणसं किती आहेत?"

"सहाशे."

"मंडळात साडेचारशे होती. आणि ही लोकं निवडणुका घेतात का?"

"तुमच्या पोस्टसाठी नाही घेत."

"मग झालं तर."

जयंतीला रडू येईल असं वाटलं. तिने एकच गोष्ट सांगितली. गावात नळ नाहीत, घरोघरी टाक्या आहेत, पाण्याचा ट्रक रोज त्या भरतो. ट्रकचा पंप शेवटच्या घटका मोजतोय. नवा पंप देवेश तुमच्या घरी आणून देईल. बुटाच्या खोक्याएवढा आहे, जड आहे, तेवढा आणा. काका म्हणाले, हे काय सांगणं झालं?

देवेशने पंप नेऊन दिला. पण काका उत्तरेला चाललेत ही बातमी फुटली, आणि मंडळाने ठरवलं की मतभेद आपल्या जागी, सत्कार आपल्या जागी. नेमणूक अजून झालेली नाही हे कुणीतरी बोललं, त्याला खाली बसवण्यात आलं. शाल दिली, श्रीफळ दिलं, मानपत्र दिलं, काचेच्या फ्रेममध्ये, दरवाजाच्या निम्म्या मापाचं. तिथे एक मराठी मुलगी एकटी असते कळल्यावर घराघरातून डबे आले. एवढंच न्याल का, एवढुसं तर आहे.

फेब्रुवारीत विमान उतरलं. धावपट्टीजवळच्या खोलीत ट्रकचा मेकॅनिक पाना हातात घेऊन उभा होता. काकांनी बॅगा उघडल्या. चिवडा. चकल्या. बेसनाचे लाडू. भाजणी. पुन्हा चिवडा, दुसऱ्या घरचा. नारळ, इतका गोठलेला की त्याने पाना वाकला असता. मानपत्र.

"काका, पंप?"

"अगं, वजन जास्त भरलं. काउंटरवर ती मुलगी ऐकेचना. एक वस्तू काढावीच लागली. आता लोकांनी प्रेमाने दिलेलं कसं काढणार? पंप काय गं, सोडायला आलेल्यांनी परत घरी नेलाय, मागाहून येईल."

मेकॅनिकने हळूच पाना खिशात घातला.

त्याच संध्याकाळी पंप गेला. शाळा बंद, वॉशरूम बंद. लोकांनी तळ्यावर जाऊन बर्फ फोडून आणला आणि वितळवला, त्यांना ते येतं, त्यांच्या आज्या-पणज्या हेच करायच्या. तोवर चिवडा वाटला. चिवडा उत्तम होता. तिखट होता. त्यामुळे सगळ्यांना तहान लागली.

गावाच्या कौन्सिलची तातडीची मीटिंग भरली. काका पलीकडे साहेबांच्या घरात सोफ्यावर बसले होते, कव्हर काढून. जयंती नखं खात बसली. सगळं संपलं, हा माणूस आता पुढच्या विमानाने परत आणि आपण कायमच्या इथे, हे तिला दिसत होतं.

लुईसाने लाडू खाऊन संपवला, मग म्हणाली, "याला घेऊन टाका."

"कुणाला?"

"उमेदवार म्हणून हा काही कामाचा नाही. इतक्या जणांत पहिला, ज्याने सांगितलेली वस्तू आणली नाही. पुन्हा बोलावला तर पुन्हा हेच आणेल. असा माणूस साहेबच करायला पाहिजे. तिथे त्याला काही आणावं लागत नाही."

कौन्सिलमधल्या कुणालाच यात चूक सापडली नाही. (सापडली तर कळवावं. सरकारलाही सापडली नाही, मंजुरी लगेच आली.)

"आणि पंप?" मेकॅनिक म्हणाला.

"उद्या डेप्युटी साहेबाची जागा काढा," लुईसा म्हणाली. "मोठं गाव झालंय आपलं. एकट्या साहेबाला झेपायचं नाही."

टोरोंटोच्या कंपनीने दोन दिवसांत मिसिसागाचा उमेदवार दिला. निघायच्या आधी ओकव्हिलला जाऊन त्याने काकांच्या गराजमधून पंप उचलला. तो आला, पंप बसला, पाणी सुरू झालं, निसर्ग सुंदर आहे म्हणाला आणि गेला. त्या जागेची भरती अजून जोमात सुरू आहे.

जयंतीने चाव्या दिल्या तेव्हा काका मानपत्रासाठी खिळा ठोकत होते. "अगं पण साहेबाने रोज करायचं काय?"

"डिझेलवर सही. बाकीचं लुईसा सांगेल."

"म्हणजे मंडळासारखंच," काका म्हणाले आणि समाधानाने खिळ्याकडे वळले.

लुईसा विमानापर्यंत आली. जयंतीच्या दोन्ही बॅगा तिने उचलून बघितल्या. रिकाम्या होत्या. स्वेटर, बूट, भांडी, सगळं जयंतीने गावात वाटून टाकलं होतं, घरी जायच्या घाईत.

"उमेदवार म्हणून ये कधीतरी," लुईसा म्हणाली. तिच्याकडून हा मोठा मान होता.

दोन दिवसांनी जयंती ब्रॅम्पटनला बेसमेंटच्या दारात उभी राहिली. दार जाईने उघडलं. आईपेक्षा बोटभर उंच झाली होती. तिने आईकडे बघितलं. मग बॅगांकडे.

"व्हॉट डिड यू ब्रिंग?"

मागून देवेश आला, घाईने बॅग उचलायला गेला आणि बॅग इतकी हलकी निघाली की तोच मागे झुकला. "रिकामीच?" मग जरा चाचरत, पाहुण्याला विचारतात तसं, "किती दिवस आहेस?"

जयंतीला ते सगळे उमेदवार आठवले. विमानातून उतरल्यावर प्रत्येकाचा चेहरा एकदा असा व्हायचा, आपण हसून त्याच्या बॅगेची चेन उघडायला वाकलो की.

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मी इंटरव्ह्यूला आलेय."

जाई आणि देवेशने एकमेकांकडे बघितलं. घर तिच्याशिवाय तीन वर्षं चाललं होतं. फ्रीजर तेवढा बिघडला होता. मग जाईने एक बॅग आत ओढली, दुसरी दारातच राहू दिली, आणि म्हणाली, "वी'ल सी."

आता तुम्ही म्हणणार, काय ही माणसं, तीन वर्षांनी आई आली आणि बघतात काय, तर बॅग. बरोबर आहे तुमचं. मागच्या वेळी तुमच्या दारात कुणी लांबून येऊन उभं राहिलं होतं, तेव्हा तुम्ही आधी तोंडाकडे बघितलंत की बॅगेकडे, ते तेवढं सांगू नका. त्याने बघितलंय.