मागे सरणारे पाय

जी विद्या माणसाला आयुष्यभर तारते, तीच एखाद्या क्षणी त्याचा घात करते. आणि मग दोष विद्येला द्यावा की माणसाला, हे ठरवणे ज्ञानी जनांनाही अवघड जाते.

त्या काच-कारागिराची विद्या एका वाक्याची होती: काच हातातून निसटली, की धरायला जाऊ नये, मागे सरावे. या नेमामुळेच त्याची दहाही बोटे शाबूत होती. परंतु गेल्या वर्षी दुकानात पत्नी घेरी येऊन कोसळली, तेव्हाही त्याचे पाय आधी मागेच सरले. ती पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, धरले असते तरी उपयोग नव्हता. मुलीने मात्र ते पाऊल पाहिले होते. तेव्हापासून ती कामापुरतेच बोले. हसू तर घरातून उठूनच गेले होते.

म्हणूनच एका सकाळी तिने जेव्हा विचारले, "बाबा, बीच टेनिसला जोडीदार हवाय. येता?" तेव्हा तो खेळ कशाशी खातात हेही न विचारता तो म्हणाला, "येतो की!"

किनाऱ्यावर वाळूत उंच जाळे होते, भोवती निळ्या फिती ताणलेल्या होत्या आणि हातात तारांऐवजी भोके असलेली बॅट आली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, नियम सोपा आहे. चेंडू खाली पडू द्यायचा नाही. पडला की पॉइंट गेला."

कारागिराचा चेहरा उतरला.

पहिला चेंडू आला; तो अदबीने मागे सरला. दुसरा आला, तो आणखी मागे.

"काका, चावत नाही हो तो!"

"मला कळतंय, बाई. पायांना समजावतोय."

तिसऱ्या वेळी टाच फितीत अडकली. त्या ओढीने कोपऱ्यातली खुंटी उखडली. तिलाच शेजारच्या मैदानाची फीत बांधलेली. तीत तिथे खेळणारे दातांचे डॉक्टर गुंतले. धडपडत अलीकडे येऊन तोल सावरायला त्यांनी इकडचे जाळे धरले, आणि ते जाळे खांबांसकट, एखाद्या वयोवृद्धाने साष्टांग नमस्कार घालावा तसे, सावकाश बाईंवर आडवे झाले.

"अहो, माझे पेशंटसुद्धा एवढे मागे सरत नाहीत!" डॉक्टर वाळू थुंकत म्हणाले.

"कोणी आणलं यांना?" जाळ्याखालून प्रश्न आला.

"मी," मुलगी म्हणाली. "माझे वडील आहेत."

जाळे पुन्हा उभे राहीपर्यंत तो तिच्याजवळ गेला. "बाळा, मी बाहेर बसतो. माझे पाय कसे आहेत, तू पाहिलंयस."

ती वाळूकडे पाहत म्हणाली, "आई पडली तेव्हा मी दारातच होते, बाबा. मी तर पाऊलसुद्धा उचललं नाही. तुमच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती माझी."

त्याने बॅट पुन्हा उचलली. खेळ सुरू झाला. चेंडू उंच आला आणि दूर उजवीकडे झुकला. कारागिराने सगळी विद्या गुंडाळून ठेवली, धावला, झेपावला आणि बॅट लागताच तोंडावर पालथा पडला. चेंडू जाळ्यात गेला.

"बाबा! आऊट जात होता तो! सोडायचा होता!"

"आता सांगतेस?" तोंडातली वाळू काढत तो म्हणाला.

मुलगी हसू लागली. हसता हसता ती गुडघ्यांवर बसली, आणि हसणे कधी रडण्यात मिसळले ते तिलाही कळले नाही. त्याने वाळूने माखलेला हात तिच्या मस्तकावर ठेवला.

तो पॉइंट गेला. त्या दोघांचे कल्याण असो. आणि ज्यांची पावले एकदा चुकीच्या दिशेने पडली, त्या सर्वांना पुन्हा धावण्यापुरती वाळू लाभो.