काकाजींची सुई आणि कन्हानची रेती

आमच्या काकाजींच्या बैलगाडीत बसायचं म्हणजे आधी झडती द्यावी लागे. गाडीजवळ उभे राहून ते प्रत्येकाला विचारत, "लोखंड हाय काय जवळ?" किल्ल्या, चाकू, अडकित्ता, सगळं काढून मागच्या टोपलीत टाकायचं. कारण गाडीत पुढच्या फळीवर त्यांची सुई असे. सुई म्हणजे पितळी डबीतलं होकायंत्र. लोखंड जवळ आलं की ती बिचकते, असं ते सांगत.

एकदा शेजारच्या मारोतरावांनी विचारलं, "काकाजी, चाकाच्या धावा तं लोखंडाच्याच हायेत ना?"

"त्यायचा हिशेब मी मनात धरून राहिलो. तू आपला अडकित्ता काढ."

काकाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. तरुणपणी ते मुंबईला गेले आणि एका साहेबाच्या शिडाच्या होडीवर कामाला लागले. ती होडी माल नेत नसे, मासेही धरत नसे. नुसती शर्यतीत पळे. किनारा दिसेनासा होईपर्यंत समुद्रात जायचं, लांबच्या एखाद्या बेटाला वळसा घालायचा आणि परत यायचं. "आपला बैलांचा शंकरपट असते ना, तसा त्यायचा पाण्यावरचा पट," काकाजी सांगत. सुई पाहून होडीची दिशा सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. बायको वारली तेव्हा ते गावी, सौंसरला आले, तेही दिवस उरकल्यावर. पुन्हा गेले नाहीत. ते उशिरा आले, हे सासूबाई कधी विसरल्या नाहीत.

घरात काही बिघडलं की काकाजींचा एकच शब्द, "बसली!" म्हणजे होडी खडकावर बसली. दूध उतू गेलं, बसली. पुतण्या नापास झाला, बसली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं सौंसर भोपाळकडे राहिलं, तेव्हा चहाच्या दुकानात लोक कपाळाला हात लावून बसले होते. काकाजी मात्र शांत. "आपली नाव हालली नाही बाप्पा, किनाराच सरकला. मंग आपण काऊन घाबरायचं?"

त्याच थंडीत माझ्या माहेरून निरोप आला. आई दोन दिवस बोलत नाही, लेकीला धाडा. माझं माहेर लोधीखेड्याच्या पुढं, कन्हान नदीच्या पलीकडे. आमच्या घरचे पुरुष संत्री घेऊन नागपूरला गेलेले. गाडी हाकायला काकाजीच होते.

"सुई ठेवा घरी," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "सरळ सडकेनं जा."

"सडकेनं सांज होते, वहिनी. सुईनं दुपारीच लागतो."

मला तेव्हा दिवस गेले होते. पोटुशी सून नदी ओलांडणार, तर बाहेरचं काही लागू नये म्हणून सासूबाईंनी गाडीतल्या गवताखाली, माझ्या बसायच्या जागी, विळा ठेवला होता. लोखंड जवळ असावं, ही आमची रीत. काकाजी सगळ्यांची झडती घेत, पण सुनेला कसं विचारणार? आणि मी तर लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर एक शब्द बोलले नव्हते. सुनेनं मोठ्यांशी बोलायचं नाही, हीसुद्धा रीतच. सुई माझ्या गुडघ्याला लागून. मी डोईवरचा पदर धरून गप्प बसले.

व्हायचं तेच झालं. सुई थोडी हलली, काकाजी थोडे वळले. शेतांमागून शेतं गेली आणि आम्ही नदीत शिरलो ते भलत्याच जागी. अर्ध्यात चाक आसापर्यंत रेतीत रुतलं.

"बसली," काकाजी म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता. उतरून त्यांनी चाकाला खांदा लावला. चाक हललं नाही.

मला तिथून वरच्या बाजूला करंजाचं झाड दिसत होतं. लहानपणापासूनचा आमचा नदी ओलांडायचा उतार तिथंच होता. आई डोळ्यांसमोर आली. मी बैलाकडे तोंड करून म्हटलं, "चांद्या, उतार करंजापाशी हाय म्हणा."

काकाजी दचकले. मग तेही बैलालाच म्हणाले, "चांद्या, सुई तं इकडंच दाखवून राहिली."

"चांद्या, गवताखाली विळा हाय म्हणा. सासूबाईंनी ठेवला."

वाटलं, आता रागावतील. ते पाण्यातच उभे राहिले.

"मी मुंबईले निघालो तवा तुया काकीनंही असाच अडकित्ता बांधून देला होता," ते म्हणाले. या वेळी त्यांनी चांद्याचं नाव घेतलं नाही. "पाण्यावर जाता म्हणे, लोखंड असू द्या जवळ. एका शर्यतीत मी तो सुईजवळ ठेवला. डोयासमोर राहावा म्हणून. सुई जराशीच फिरली. पण लांबच्या पल्ल्यात जराशाचं लय होते. होडी खडकावर बसली. भरती आली तवा सुटलो, किनाऱ्याले लागलो, तं तार येऊन पडलेली. शेवटी दाराकडं पाहून राहिली होती म्हणे."

त्यांनी गवताखालून विळा काढला. फेकतील असं वाटलं. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत माझ्याजवळ ठेवला. सुईची डबी मिटून बंडीच्या खिशात घातली.

"तू वाट सांग, बाई. मी हाकतो."

काठावरच्या फांद्या तोडून आम्ही चाकाखाली घातल्या. मी सांगत गेले, ते हाकत गेले.

माहेरी पोचलो तेव्हा दादा दारातच होता. काकाजी आत आले नाहीत. बैल सोडायचे आहेत म्हणाले, पण जू तसंच ठेवून उभे राहिले. आत आईनं डोळे उघडले, माझा हात चाचपला आणि म्हणाली, "आली काय वं?"

मी तशीच बाहेर आले.

"काकाजी, आई बोलली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चांद्याच्या मानेवर हात फिरवत राहिले.

"म्हणजे वेळेवर लागलो," ते म्हणाले, आणि हळूच गाडीच्या धुरीवर बसले.