झोडपणारी की वेचणारी

लिहिण्यात चुका असतील, त्या आधीच माफ कराव्या. चौथीनंतर मी पेन धरला तो ब्लाउजची मापं लिहायलाच. अक्षर कच्च्या टाक्यासारखं येतं, कुठे लांब, कुठे आखूड. पण मेश्राम काकाजींबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच बसले.

मेश्राम काकाजी दिसेल ती वस्तू ठोकून पाहतात. टरबूज तर सगळेच ठोकतात. काकाजी लग्नातली प्लास्टिकची खुर्ची बसायच्या आधी ठोकतात. पाण्याची टाकी, विहाराचा दरवाजा, भाजीवालीचा तराजू, सगळं. वाकड्या बोटाने दोनदा टकटक करायचं, कान जवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. फिट नाहीतर सिक. माझ्या दिराचा गुडघा दुखत होता, तर बसल्या बसल्या त्यावरही टकटक केलं आणि म्हणाले, "सिक." दीर आठ दिवस घाबरून होता.

ही सवय रेल्वेची. आमच्या भिलाईच्या यार्डात त्यांचं काम मालगाडीच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायचं. चांगलं चाक घंटेसारखं बोलतं, तडा गेलेलं थप्प करतं. थप्प झालं की डब्यावर खडूने फुली मारायची, मग तो डबा सिक, गाडीतून बाहेर. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण खडू अजून शर्टाच्या खिशात असतो. एकदा एका पुढाऱ्याची गाडी कॉलनीत उभी होती, तिच्या मागच्या चाकावर काकाजींनी फुली मारली. ड्रायव्हर खूप चिडला. तिसऱ्या दिवशी तेच चाक अहिवाऱ्याच्या रस्त्यावर बसलं. तेव्हापासून लोक त्यांना हसतात, पण ऐकतातही.

कॉलनीत त्यांचं खरं नाव आहे ते गिटारीसाठी. स्वतः एक सूर वाजवत नाहीत. तरी कोणाला स्वस्तातली गिटार घ्यायची असली की आधी काकाजींकडे जायचं आणि मग त्यांना घेऊन दुर्गच्या दुकानात. ते आधी माणसाचे हात पाहतात आणि विचारतात, "झोडपनार का वेचनार?"

शेजारच्या साहूजींना निळी, चमकणारी, बारकी गिटार पाहिजे होती. काकाजींनी विचारलं, "वाजवता कुठं?"

"पिकनिक में. दफ्तर के बीस-पच्चीस लोग गाते हैं."

"मंग तुम्ही झोडपनारे. ही चिमनी घेऊन काय करता? पंचवीस लोकांत हिचा आवाज बसूनच जाईन." आणि त्यांना मोठ्या पोटाची साधी गिटार घ्यायला लावली. निळ्या रंगाचे पैसे वाचले. साहूजी अजून ती झोडपतात, आमच्या भिंतीतून ऐकू येतं.

आता माझी गोष्ट. आमच्या वरच्या खोलीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी भाड्याने राहायची. तिच्याकडे गिटार होती. मी एकदा नुसती पाहत उभी राहिले, तर तिनेच हातात दिली. मग दुपारी काम आटोपलं की मी वर जायची. एकेक तार बोटाने उचलायला तिने शिकवलं, तीन गाणी बसवून दिली. नंतर तिला रायपूरला नोकरी लागली. ती गेली, गिटार गेली. साडीला फॉल लावताना माझी बोटं तार शोधायला लागली.

फॉल-पिकोचे चार हजार मी जमवले होते. पण बेचाळीस वर्षांच्या बाईला स्वतःसाठी गिटार पाहिजे, हे घरात कसं सांगणार? नवरा हथखोजच्या कारखान्यातून थकून येतो, तो हसला असता, आणि त्याचं हसणं सासूबाईंनी चार घरी पोचवलं असतं. म्हणून सांगितलं, पायलला पाहिजे. पायल माझी मुलगी, अकरावीत आहे. तिला गप्प राहायचं आइस्क्रीम कबूल केलं. मला एवढंच माहीत होतं की हे पैसे चुकीच्या गिटारीत गेले तर दुसरी गिटार या जन्मी होणार नाही.

काकाजींनी आधी पायलचे हात मागितले. तिने दाखवले. लांब नखं, त्यांवर निळा रंग, एका नखावर चांदणी.

"हे हात गिटार वाजवनार? हे तर मोबाइल पन मुश्किलीनं दाबत असतीन."

"दादाजी, मैं काट लूँगी ना," पायल म्हणाली.

"तुझे दाखव वो, सूनबाई."

"माझे कायले, काकाजी?"

"दाखव म्हनतो ना."

मी दाखवले. डाव्या हाताच्या बोटांची टोकं त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली.

"हे घट्टे कायचे?"

"सुईचे."

"सुई डाव्या हातानं धरतं काय तू?"

मी हात ओढून घेतला. घट्टे तारांचे होते. पायल तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. "मम्मी, पकड़ी गई!"

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण काकाजी हसले नाहीत. जशा काही रोजच माझ्यासारख्या बाया त्यांच्याकडे गिटारीसाठी येतात, तसं त्यांनी विचारलं, "झोडपनार का वेचनार? सगळ्या तारांवर एकदम हात मारतं, का एकेक तार बोटानं उचलतं?"

"एकेक."

"कापूस वेचला हाय काय कधी?"

"खूप वेचला. वर्ध्याकडे, लहानपणी. म्हणून तर शाळा सुटली."

"मंग झालं. वेचनारी. चाल दुर्गले."

दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या. माझा डोळा एका लाल गिटारीवर गेला. साडेतीन हजार, आरशासारखी चकचकीत. काकाजींनी तिच्या पोटावर टकटक केलं. थप्प. मग मधल्या गोल भोकाची कड नखाने तपासली. "पाह्य, थरावर थर. दरवाज्याची प्लाय हाय ही." एक डोळा मिटून मानेवरून पाहिलं, रूळ सरळ आहे का पाहतात तसं. मानेच्या मध्यावर तारेखाली दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक घातली, ती आरामात गेली. "एवढी उंच तार दाबता दाबता बोट रडून जाईन तुझं. सिक." आणि खिशातून खडू निघाला.

"चाचाजी, खड़िया अंदर रखो!" दुकानदार काउंटरवरून ओरडला. "पोंछते-पोंछते मेरा कपड़ा घिस गया!"

"कपडा घिसला तर घिसू दे. बाईचं बोट घिसलं नाई पाह्यजे."

फुल्या मारत मारत ते पुढे गेले. मी त्यांच्या मागे खुणावून माफी मागत होते. मग त्यांनी एक मोठी गिटार ठोकली आणि ती काय बोलली! मंदिरातली घंटा जशी. मी पहिल्यांदा स्वतःहून हात पुढे केला आणि ती उचलून छातीशी धरली. "काकाजी, हीच घेऊ."

"नाई!"

एवढ्या जोरात म्हणाले की दुकानदारही थांबला. माझ्या हातातली गिटार त्यांनी काढून घेतली. "हात पोचत नाई तुझा. आवाज चांगला हाय म्हून काय झालं? हात कुठं जाऊन राह्यला तुझा, पाह्यलं?" आणि ती स्वतःच परत भिंतीवर टांगली. मला वाटलं, माझ्यावर रागावले.

शेवटी कोपऱ्यातून त्यांनी एक लहान गिटार काढली. कंबर बारीक, लाकूड साधं, चमक काही नाही. तिचं वरचं पान एकाच फळीचं होतं, प्लायचे थर नव्हते. मला स्टुलावर बसवलं. माझा हात तिच्यावरून आपसूक खाली आला, भाकरीच्या परातीवर येतो तसा. "वाजव," म्हणाले. मी मान खाली घालून अर्धं गाणं वाजवलं. वर पाहिलं तर पायलने मोबाइल खाली ठेवला होता.

"किंमत?" मी विचारलं.

"साढ़े पाँच."

मी गिटार परत दिली. म्हटलं, काकाजी, ती लालच चालेल मला. काकाजींनी बनियनच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. "उसने देऊन राह्यलो, दान नाई. महिन्याच्या महिन्याले देजो. आन येताना गिटार घेऊन येजो."

"गिटार कावून?"

"नवीन डबा लायनीवर आला म्हंजे तपासनी लागते दर महिन्याले."

घरी नवऱ्याने पंधरा दिवसांनी विचारलं, "पायल वाजवताना दिसत नाही." पायल म्हणाली, "पापा, मम्मी पहले सीख रही है, फिर मुझे सिखाएगी." तो हसला खरा. पण दुसऱ्या दिवशी खुर्चीचा हलणारा पाय ठोकून दिला, मी त्यावर बसून वाजवायची म्हणून.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी काकाजींकडे तीनशे रुपये आणि गिटार घेऊन जायची. ते मानेवरून एक डोळा मिटून पाहायचे, खुंट्या फिरवून पाहायचे, मग म्हणायचे, "वाजव." गाणं संपलं की चहा. पहिल्या महिन्यात घरात कप एकच होता, त्यांनी स्वतः स्टीलच्या गिलासात घेतला. दुसऱ्या महिन्यात कप दोन झाले, नवे. तपासणी दहा मिनिटांची, पण मी निघेपर्यंत तास व्हायचा. यार्डातल्या गोष्टी सांगायचे. त्याच त्या दोनदाही सांगायचे.

पाचव्या महिन्यात मी हिंमत करून विचारलं, "काकाजी, तुम्ही वाजवत नाही, मग गिटारीचं एवढं कसं समजते तुम्हाला?"

ते उठले. कपाटावरून चादरीत गुंडाळलेली एक गिटार उतरवली. खूप मोठी. तारा काळ्या पडलेल्या.

"तुझ्या काकूची," म्हणाले. काकूंना मी पाहिलं नव्हतं, आम्ही राहायला यायच्या आधीच वारल्या. "विहारात बाया गानं म्हनत, तिले त्यात गिटार वाजवाची होती. लोक हसले. मी नाई हसलो. पगार झाला आन गेलो दुकानात. सगळ्या ठोकल्या. सगळ्यात जास्त बोलली ते उचलून आनली. चाक पाह्याव तशी पाह्यली मी. तिचा हात नाई पाह्यला. एवढीशी होती ते."

त्यांनी स्वतःच्या छातीपाशी हात धरून उंची दाखवली.

"रोज वाजवे, आन रोज खांदा शेके. मी म्हनो, पान्याच्या बकेटा उचलते म्हून असन. एक दिवस म्हने, मले काई जमत नाई गानं. ठेवून देली. गिटार मोठी झाली म्हून एका शब्दानं बोलली नाई. मी हौसेनं आनली होती ना."

"मग तुम्हाला कसं समजलं?"

"ते गेल्यावर. दुकानात लहान गिटार टांगून होती. तवा समजलं, अशी बी राह्यते."

मी शेवटचे तीनशे काढून टेबलावर ठेवले. म्हटलं, "पूर्ण झाले, काकाजी."

त्यांनी नोटांकडे पाहिलं, हात लावला नाही. "मंग आता तू कायले येशीन?"

मी माझी गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला बसले. मध्ये एकदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून धरलं. काकाजी खाटेवर बसून राहिले, काकूंची गिटार मांडीवर आडवी, दोन्ही हात तिच्यावर. शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. गाणं संपल्यावर मी दुसरं सुरू केलं, त्यांनी म्हटलं नव्हतं तरी.

निघताना दारात म्हणाले, "पुढच्या रविवारी दूध जास्त घेऊन ठेवतो."

"अर्धा लिटर पुरे," मी म्हटलं.

नोटा टेबलावर तशाच होत्या. मी परत आत गेले, चहाच्या डब्याखाली नीट सरकवून ठेवल्या. त्या दिवशी पैसे पूर्ण फिटले.