पट्टी काळी झाली!

या, या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. मधेच मी आवाज खाली आणणार आणि तुम्ही "काय म्हणालास, काय म्हणालास" करत बसणार! अगदी देवाशपथ घडलेलं सांगतो. हसाल, पण हसता हसता डोळे पुसायची वेळ आली तर मला बोल लावू नका.

आधी एक सांगून टाकतो. माणसाला धीर द्यावा तर मीच! गाऊन रंगवलेलं निरूपण ऐकायचा मला भारी नाद. कुठे निरूपण आहे असं कानावर आलं की कॉलेज बुडवून पहिल्या रांगेत जाऊन बसतो. तिथे एकच गोष्ट शिकलो. समोरचा जीव घाबरला असेल तर त्याच्याशी गोड बोलावं, खोटं बोलू नये आणि देवाचं नाव घेऊन त्याला निर्धास्त करावं. माझ्याशी दोन शब्द बोललेला माणूस शांत झोपतो, असा माझा लौकिक होता. होता!

माझा खोलीतला सोबती म्हणजे भोंगा. आवाज असा, की सकाळी त्याने तोंड उघडलं की खालच्या मजल्यावरचा दूधवाला स्वतःहून वर येतो. आम्ही दोघे संगीताच्या कॉलेजात. तो गातो, मी त्याच्या मागे पेटी वाजवतो. तो मला 'बुवा' म्हणतो. का ते तुम्हाला कळलंच असेल.

त्याचे वडील दवाखान्यात कंपाउंडर. सगळी हयात जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात गेलेली. मुलाचं गाणं त्यांनी कधी बसून ऐकलं नव्हतं. भोंगा गेल्या वर्षी नापास झाला, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "अजून एक खेप देतो. या वेळी उडालास तर गाशा गुंडाळायचा आणि माझ्या हाताखाली कापूस कापायचा!"

नापास का झाला होता? वरच्या 'सा'मुळे! तिथपर्यंत मजेत जायचा आणि दारातून परत फिरायचा. यंदा आमच्या गाण्याच्या बाईंनी युक्ती काढली. गाणाऱ्याचा मूळ स्वर पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो, तिला आम्ही त्याची पट्टी म्हणतो. भोंग्याची पट्टी होती पांढरी एक. बाई म्हणाल्या, "खालच्या पट्टीत तू आळसावतोस, जोरच लावत नाहीस. अर्धा स्वर वर चढ. काळी एक घे!" वर परीक्षेआधी गळ्याला विश्रांती म्हणून दोन दिवस पूर्ण मौन.

मौन सुरू करण्याआधी भोंग्याने मला बजावलं. "बुवा, बाबांचा फोन आला तर परीक्षेचं नाव काढायचं नाही. गाण्याचंसुद्धा नाही! ते आणखी चिडतील, आणि मग माझा उरलासुरला गळाही बसेल."

"निश्चिंत रहा," मी म्हणालो. "माझ्यावर सोड!"

सोडलं बिचाऱ्याने.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भोंगा मोरीत गुळण्या करत होता, आणि त्याचा फोन वाजला.

"काका, नमस्कार! मी बुवा बोलतोय."

"तो कुठाय?"

"इथेच आहे. पण बोलत नाहीये."

"का? माझ्यावर रुसलाय?"

"छे हो! बोलणंच बंद आहे त्याचं. कालपासून एक शब्द नाही. नुसत्या खुणा करतो."

"काय झालंय त्याला?"

आता परीक्षा म्हणायचं नाही, गाणं म्हणायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही! तुम्हीच सांगा, मी काय म्हणायला हवं होतं?

"विशेष काही नाही, काका. जरा पट्टीचा घोळ झालाय."

"पट्टी? कुणी केली पट्टी?"

"बाईंनी ठरवली. अनुभवी आहेत हो! इतके दिवस पांढरी होती, काल बदलली. आता काळी झालीय."

"काळी? सगळी काळी?"

"सगळीच असते, काका. अर्धी कशी असेल?"

"अरे देवा! दुखतंय का?"

"दुखत नाही. पण गळ्यात अडकतंय. वर काही केल्या जात नाही."

इथे फोन खरखरला. काकांनी विचारलं, "सूज आहे का?" मला ऐकू आलं, "सूर आहे का?"

"काय विचारता, काका! असा कुणाला नसेल! सकाळी तर भरभरून असतो. शेजारीपाजारी बघायला येतात!"

तेवढ्यात मोरीतून भोंग्याची गुळणी रंगात आली. घर्रर्र... घर्रर्रर्र...

"ही घरघर कसली?" काकांचा आवाज पार चिरकला.

"तोच आहे, काका. घशातून काढतोय."

काका घाबरलेत हे माझ्या लक्षात आलं. मग काय, माझ्या अंगात निरूपणच संचारलं!

"काका, सगळं देवावर सोडा. उद्या बाहेरून दोन मोठी माणसं येताहेत त्याला तपासायला. त्यांनी बरं म्हटलं तर राहिला, नाहीतर गेला! आपल्या हातात काय आहे? आणि पेटीची काळजी करू नका. ती मी तयार ठेवलीय. पुसून, बिजागऱ्यांना तेल घालून. उद्या मी स्वतः घेऊन जाणार."

"पे... पेटी?"

"हो, आमची घरचीच आहे! आजोबांसाठी आणली होती. त्यांच्या काही उपयोगाला आली नाही, त्यामुळे अगदी नवीकोरी राहिलीय!"

पलीकडे काहीतरी धप्पकन पडलं आणि फोन बंद झाला.

भोंगा तोंड पुसत बाहेर आला. भुवया उंचावून त्याने विचारलं, कोण?

"बाबा तुझे. घाबरले होते जरा. पण असा धीर दिला, की एकदम शांतच झाले!"

भोंग्याने कृतज्ञतेने माझे दोन्ही हात धरले, फोन बंद करून ठेवला आणि झोपून गेला.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीत दोन परीक्षक बसलेले. एकाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याचे आमच्यावर रोखलेले. कोपऱ्यात बाई, हातात रुमालाचा बोळा.

"पट्टी?"

"काळी एक," भोंगा म्हणाला. दोन दिवसांतले त्याचे पहिले शब्द.

सुरुवात छान झाली. पण वरचा 'सा' जवळ आला, आणि पाहुणा जसा बेलपर्यंत बोट नेऊन तसाच जिना उतरतो, तसा भोंगा खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. कपाळावरून घाम ओघळायला लागला. रोखलेल्या डोळ्यांच्या परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मला डोळ्यांसमोर भोंगा दिसायला लागला, स्टुलावर बसून कापूस कापताना! पेटीवर बोटं चालू ठेवून मी मनात म्हणालो, देवा, आता तूच काहीतरी कर रे.

आणि दार धाडकन उघडलं!

दारात कंपाउंडर काका. केस उभे, डोळे लाल, हातात दवाखान्याची बॅग. बॅगेतून सुटलेली पट्टी मागे पार जिन्यापर्यंत लोळत गेलेली. तिच्यात पाय अडकून उभे असलेले, त्यांच्या दवाखान्याचे प्रत्यक्ष डॉक्टर!

"कुठाय माझा पोरगा?" काका ओरडले. "खबरदार कुणी त्याला पेटीत घालाल तर!"

भोंगा नेमका वर जायला निघाला होता. तोंड उघडंच होतं. त्याने वडिलांना पाहिलं आणि जीव खाऊन हाक मारली,

"बाऽऽऽबाऽऽऽ!"

मंडळी, ती हाक थेट वरच्या 'सा'वर! माझं बोट आपोआप त्या पट्टीवर गेलं. केसाइतकाही फरक नव्हता. मिटलेल्या डोळ्यांचे परीक्षक म्हणाले, "आहाहा!" भोंगा स्वतःच चक्रावला. पण एवढा वर पोचलाच आहे तर उतरतो कशाला! तिथेच थांबला, तिथून आणखी वर डोकावून आला, आणि असा गायला, असा गायला की मी साथ करायची विसरून ऐकतच बसलो.

काका दारातच मटकन खाली बसले होते. पोरगा जिवंत आहे, एवढंच त्यांना आधी कळलं असावं. मग हळूहळू तो गातोय हे कळलं. शेवटपर्यंत ते उठले नाहीत.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर काकांनी भोंग्याचा गळा चारही बाजूंनी दाबून पाहिला.

"सूज कुठाय?"

"कसली सूज, बाबा?"

"काळी पट्टी?"

मी गुपचूप पेटीवर बोट ठेवून दाखवलं.

"आणि ही... हीच ती आजोबांसाठी आणलेली?"

"हो," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला मारणार की काय असं वाटलं. पण त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते रडायलाच लागले. "अरे मेल्या, रात्रभर गाडीत डॉक्टरसाहेबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत आलो रे मी! खोलीला कुलूप, आणि खालचा दूधवाला म्हणतो, पेटी घेऊन कॉलेजात गेले!"

"बाही अजून ओली आहे," डॉक्टर म्हणाले.

एवढ्यात बाई धावत आल्या. "पास! अहो, पास! आणि ते विचारताहेत, ती 'बाबा'वरची सुरांची जागा कुणाकडून शिकला?"

भोंग्याने वडिलांकडे बोट दाखवलं. काकांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "पुढच्या वेळी तारीख सांगत जा. वेळेवर येऊन बसेन." जराशाने पुन्हा म्हणाले, "ओरडणार नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि पुढच्या वेळी मौन तू धरायचं!"

सगळे हसत होते, तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला. काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! घरी हिला कळवायचंच राहिलं!" त्यांना बोलवेना. जवळ उभा होतो मी. त्यांनी फोन माझ्याच हातात दिला!

पलीकडून काकूंचा थरथरता आवाज. "अहो, काय झालं?"

काय तो आनंद! मी ओरडलो, "काकू, देवाने ऐकलं! तो वर गेला! अगदी सहज गेला! आम्ही सगळे इथे हसतोय!"

चौघेही माझ्या अंगावर धावले. भोंग्याने फोन हिसकावला आणि "आई! आई, मी आहे गं!" असा काही गरजला, की काकूंना तो फोनशिवायही ऐकू गेला असेल.

काकू त्याबद्दल मला आजवर एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट मी घरी गेलो की पाठीवरून हात फिरवतात. पण मधल्या त्या एका श्वासात माउलीच्या काळजाचं काय झालं असेल, ते तिचं तिला आणि देवाला ठाऊक. म्हणून मंडळी, एवढंच मागणं आहे. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा भोंग्याच्या आईला आठवा. तिच्या नावाने एक नमस्कार जास्तीचा घाला.

मला आठवलंत तरी हरकत नाही. फक्त फोन तेवढा माझ्या हातात देऊ नका!