रागावर साखर

पलंगावर ओला टॉवेल पाहून फोरमनसाहेब ओरडले, "हा टॉवेल इथं कुणी टाकला?" पुढचं वाक्य बाहेर पडायच्या आत बायकोनं त्यांच्या तोंडात चमचाभर साखर कोंबली.

"गिळा," ती म्हणाली. "साखर उतरलीय तुमची."

साखर उतरलेली नाही, टॉवेल ओला आहे, असं त्यांना सांगायचं होतं. पण तोंडात साखर असली की माणसाला धड बोलता येत नाही आणि धड थुंकताही येत नाही. लेक त्यांचं मनगट धरून, चेहरा गंभीर करून उभी होती. टॉवेल तिचाच होता.

आदल्याच दिवशी त्यांचं इन्सुलिन सुरू झालं होतं. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. "इंजेक्शन घेतलं की जेवण टाळायचं नाही. टाळलं की साखर झपकन खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, चिडचिड होते, माणूस नेहमीसारखा वागत नाही. असं दिसलं की ताबडतोब साखर द्यायची. उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं." बायको मनातून पुरती घाबरली. घाबरलेल्या माणसाच्या लक्षात फार राहत नाही. घर येईपर्यंत तिच्याजवळ चिडचिड आणि साखर एवढंच उरलं होतं.

आता चिडचिड हे लक्षण धरायचं, तर फोरमनसाहेब लग्नाआधीपासून आजारी होते. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राहायला होता. ते रागावून उठत, रागावून दाढी करत आणि छापखान्यात जाऊन त्याच रागावर सगळं काम चालवत. मशिनं बदलली, थोरल्या मालकांच्या खुर्चीत धाकटे मालक आले, पण लेबलावरचा एक ठिपका सरकला तरी साहेबांचा आवाज गोदामापर्यंत ऐकू जाई आणि ठिपका जागेवर येई. त्यांना दुसरी विद्या येत नव्हती, आणि या विद्येचा त्यांना अभिमान होता.

बायकोनं त्याच सकाळी बाइंडरला फोन केला. बाइंडर हा साहेबांचा छापखान्यातला सर्वांत जुना सोबती. "भाऊजी, ते चिडले की लगेच साखर द्या हं. वाट बघू नका."

"वहिनी, काळजीच सोडा," बाइंडर म्हणाला आणि बरणीभर साखर घेऊन कामाला गेला.

छापखान्याला ही बातमी फारच मानवली. मशीनवर अक्षरांची प्लेट वाकडी बसली म्हणून साहेब कडाडले, तर मशीनमननं चमचा पुढे केला. कागद ओला झाला म्हणून ते गरजले, तर कटिंगवाल्यानं त्यांना खांदे धरून स्टुलावर बसवलं. "शांत व्हा साहेब. आजार बोलतोय, तुम्ही नाही." ज्याला इतकी वर्षं माणसं घाबरत होती, त्याची आता सगळे मिळून कीव करू लागले. हे फोरमनसाहेबांना इंजेक्शनच्या सुईपेक्षा जास्त टोचलं.

अशात रंगाच्या डब्यांच्या लेबलांचं मोठं काम आलं. आधी पिवळ्या रंगाची लेबलं, मग निळ्याची. पिवळी संपल्यावर मशीनमननं प्लेट बदलली, मशीन सुरू केलं आणि शाई बदलायला विसरला. ठळक अक्षरांत 'निळा' असं लिहिलेली पिवळीधमक लेबलं भराभर बाहेर पडू लागली.

साहेबांनी ते लांबूनच पाहिलं. "अरे मूर्खा, बंद कर ते!"

"आली चिडचिड!" बाइंडर बरणी घेऊन धावला.

"शाई बघ, शाई!"

"हो हो, बघू हं. आधी आ करा."

एकानं हात धरले, एकानं घाम पुसला. घाम धावपळीचा होता, पण त्यानं सगळ्यांची खात्री पटली. साहेब साखरेतून काहीतरी ओरडत होते, मशीनकडे बोट दाखवत होते. आणि हातवारे वाढताहेत म्हणून बाइंडरनं आणखी एक चमचा दिला. त्यांचं तोंड रिकामं झालं तेव्हा कागदाचा अख्खा गठ्ठा संपला होता.

धाकट्या मालकांनी एक लेबल उजेडात धरून पाहिलं. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून साहेब जास्त घाबरले.

"फोरमनसाहेब, तुमच्या देखत असं कधी झालं नव्हतं. हे काम परत छापू. पण पुन्हा चूक निघाली, तर तुम्ही आता घरी आराम करा. प्रकृतीपेक्षा काम मोठं नाही."

साहेबांना घरी आराम करायचा नव्हता. घरी टॉवेल होता, साखरेचा डबा होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला. "साखर इतकी वर? गोड खाताय?"

"मी खात नाही!" साहेब खुर्चीतून उठले. "मला धरून धरून खायला घालतात!"

बायकोचा हात पर्समधल्या पुडीकडे गेला.

"थांबा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी साहेबांचं बोट टोचलं, थेंब यंत्राला लावला आणि आकडा बायकोला दाखवला. "ही उतरलेली नाही, चढलेली आहे. आधी मोजायचं, मग द्यायचं. आणि हे असं ओरडणं... हे नेहमीचंच का?"

"पहिल्यापासून," बायको म्हणाली.

"मग त्याला माझ्याकडे औषध नाही."

तेव्हापासून घरी एक यंत्र आलं आणि छापखान्यात एक. साखर थांबली, टोचणं सुरू झालं. साहेबांनी आवाज चढवला की बाइंडर अदबीनं विचारी, "कुठलं बोट देताय?" बोटं मोजकी आणि चुका अगणित, त्यामुळे साहेबांना राग जपून वापरायची सवय लावून घ्यावी लागली.

लेबलं पुन्हा छापायचा दिवस उजाडला. साहेब इंजेक्शन आणि नाश्ता उरकून भल्या सकाळी मशीनपाशी येऊन उभे राहिले. गिऱ्हाइकानं पिवळी लेबलंही आणखी मागवली होती; ती आधी छापली, स्वच्छ निघाली. जेवणाची सुट्टी झाली, पण ते हलले नाहीत; आपण डबा उघडायला जायचं आणि इथे कुणीतरी घोळ घालायचा. निळी झाली की जेवू, असं म्हणून त्यांनी डबा स्टुलाखाली सरकवला.

मशीनमननं या वेळी मनाशी पक्की खूणगाठ बांधली होती की काही झालं तरी शाई विसरायची नाही. त्यानं रोलर धुतले, निळी शाई भरली आणि मशीन सुरू केलं. प्लेट बदलायची राहिली. निळ्याशार लेबलांवर 'पिवळा' अशी अक्षरं उमटू लागली.

मशीनमननं एक लेबल उचलून वाचलं. डोळे मिटून, मान खाली घालून तो साहेबांसमोर उभा राहिला.

साहेबांनी लेबल हातात घेतलं. "वा," ते म्हणाले. "छान आहे निळा. डोळ्यांना किती थंड वाटतो."

मशीनमननं एक डोळा उघडला. "साहेब, यावर पिवळा लिहिलंय."

"लिहू दे रे. दमला असशील तू. बस जरा, मी आहे ना." आणि त्यांनी मशीनमनच्या पाठीवरून हात फिरवला.

मशीनमनला दरदरून घाम फुटला. "बाइंडरभाऊ! पळा! साहेब प्रेमानं बोलतायत!"

छापखान्यात एकच धावाधाव झाली. कुणीतरी मशीन बंद केलं. बाइंडरनं साहेबांचं बोट टोचलं; त्यांनी हूं की चूं केलं नाही, उलट "उपकार झाले" म्हणाले. यंत्रावरचा आकडा बाइंडरनं दोनदा वाचला. साखर खरोखर खाली, पार खाली गेली होती. त्यानं साखरेचं पाणी केलं आणि घोट घोट पाजलं. बरणीतली साखर पहिल्यांदाच कामी येत होती. सगळे श्वास रोखून साहेबांच्या तोंडाकडे बघत बसले. साहेब स्टुलावर बसून सगळ्यांकडे बघत मंद हसत होते आणि ते कुणालाच बघवत नव्हतं.

हळूहळू हसू मावळलं. भुवया जवळ आल्या. नजर लेबलावर गेली.

"ही प्लेट कुणी ठेवली रे, गाढवा?"

मशीनमनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी ठेवली साहेब, मीच!"

बाइंडरनं पुन्हा मोजून खात्री केली, साहेबांसमोर त्यांचा डबा उघडून ठेवला आणि मगच फोन लावला. "वहिनी, घाबरू नका. शिव्या देतायत."

मशीन वेळेवर थांबल्यामुळे मोजकेच कागद वाया गेले. ते धाकट्या मालकांच्या नजरेस पडलेच. काय झालं तेही त्यांनी ऐकलं. साहेब मान खाली घालून उभे राहिले.

"आरामाचं सध्या राहू द्या," मालक म्हणाले. "पण जेवणाच्या वेळेला जेवायचं. आणि गोड बोलायचं नाही, माणसं घाबरतात."

संध्याकाळी साहेब घरी आले. बायकोनं बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. तिचे डोळे सुजलेले होते, म्हणजे फोननंतर ती रडत बसली होती. साहेबांनी कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू आहेस म्हणून माझं निभतंय."

बायकोनं पटकन त्यांचं बोट ओढून टोचलं.

यंत्रावर आकडा आला. तो बरोबर होता, अगदी हवा तेवढाच. तिनं यंत्र हलवलं, दुसरं बोट टोचलं. तोच आकडा. तिनं यंत्र खाली ठेवलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "म्हणजे हे तुम्ही शुद्धीवर म्हणालात?"

"चहा निवतोय माझा!" फोरमनसाहेब कडाडले.