नानांचे यजमान

कुणी वेळ विचारली तरी नाना लिमये आधी विचारतात, “आपण मूळचे कुठले?” उत्तर पसंत पडलं तर वेळ सांगतात. नाही पडलं तरी सांगतात, पण पाच मिनिटं पुढची, कारण बाहेरून आलेल्या माणसानं जरा लवकर निघावं असं त्यांचं मत आहे.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या दारात राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, बायको गेलेली, मुलगा कॅनडात. देशात घरं का कमी पडतात याचं उत्तर एकट्या नानांना ठाऊक आहे. “बाहेरचे आले. संपलं.” नळाला पाणी कमी आलं, रिक्षा मिळाली नाही, कोथिंबीर महागली, तरी कारण हेच. कात्रजचा घाट ओलांडला की नानांच्या लेखी परदेश सुरू होतो.

कोपऱ्यावरचा डेअरीवाला शंकर मूळच्या कोथरूड गावचा. तो एकदा म्हणाला, “नाना, तुमच्या बिल्डिंगीच्या जागी आमची ज्वारी व्हती. तुमी बी पेठेतनं हितं आलात, म्हंजी भायेरचंच की.”

“आम्ही रीतसर आलो. खरेदीखत करून,” असं म्हणून नानांनी दुधाची पिशवी उचलली.

निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार सोसायटीत आला. घरं कमी पडतात ती परप्रांतीय मजुरांच्या लोंढ्यांमुळे, मला निवडून द्या, एकेकाला परत पाठवतो, असं त्यानं तावातावानं सांगितलं. आम्हाला वाटलं, आता नाना त्याला हार घालणार. नाना उठले आणि म्हणाले, “हे मी तुमच्या आधीपासून सांगतोय. ते असू द्या. आपण मूळचे कुठले?”

“साताऱ्याचा.”

“मग पहिली गाडी आपलीच.”

पुढे आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि सगळ्यांना भाड्याची घरं शोधावी लागली. आम्हाला मिळालं. नानांना मिळेना. घरमालक जागा दाखवायचे, चहा द्यायचे आणि मग विचारायचे, “काका, सोबत कोण?” “कुणी नाही” म्हटलं की “विचार करून कळवतो” म्हणायचे. एकटा म्हातारा माणूस, उद्या काही झालं तर कुठे निस्तरत बसायचं? पुण्यात जन्मलेल्या नानांना पुण्यात भाड्यानं घर मिळत नव्हतं, आणि याचा दोष बाहेरच्यांवर कसा टाकावा हे त्यांनाही सुचत नव्हतं. शेवटी माझ्या मेव्हण्याचा रिकामा फ्लॅट त्यांना दिला. किल्ली घेताना मेव्हणा मूळचा कुठला हेही त्यांनी विचारलं नाही, आणि मला ते फार लागलं.

मग नानांनी नवा उद्योग काढला. रोज सकाळी छत्री घेऊन साइटवर हजर. तिथे पत्र्याच्या खोल्यांमध्ये मजूर राहायचे. त्यांतला रामअवतार गवंडी आणि त्याची बायको फुलमती, दोघं छत्तीसगडची. नाना छत्रीच्या टोकानं नव्या स्लॅबकडे दाखवत आपल्या खास हिंदीत म्हणायचे, “ओ रामअवतार, पानी बराबर मारने का. कोपरा सुका रह गया.” तो पुन्हा पाणी मारायचा. फुलमती स्टीलच्या पेल्यात काळा चहा आणून द्यायची. नाना तो फुंकून प्यायचे आणि दोघांना समजावायचे, की घरं कमी का पडतात.

“सही बात, काका,” रामअवतार म्हणायचा.

घर तयार झालं. मुलगा आणि सून वास्तुशांतीला येणार होते, पण ऐन वेळी त्यांचं येणं रद्द झालं. पूजेला जोडपं लागतं. गुरुजी म्हणाले, “कमरेला सुपारी लावून तुम्ही एकटेही बसू शकता. शास्त्रात सोय आहे.”

“जिच्याशी जन्मभर भांडलो, तिच्या जागी सुपारी?” नाना म्हणाले. “मग मी त्या घरात पाऊलच टाकत नाही.” आणि नाना बोलले तसं वागणारे आहेत. घर तयार असून ते भाड्याच्याच घरात राहिले.

आता आपल्यालाच बसवणार हे धरून माझ्या बायकोनं पैठणी इस्त्रीला दिली. नानांनी आठवडाभर काढला आणि मग गुरुजींना मुहूर्त विचारला. त्या सकाळी आम्ही नटून गेलो, तर पाटावर रामअवतार आणि फुलमती. त्याच्या अंगावर नानांचा रेशमी कद, तिच्या डोक्यावरून पदर, दोघांची मान खाली. शेल्याला गाठ मारलेली.

गुरुजींनी गोत्र विचारलं. रामअवतार नानांकडे बघू लागला.

“ठाऊक नसेल तर काश्यप. म्हणा आणि पुढे चला,” नाना म्हणाले.

गुरुजी पळी हातात धरून थांबले. “नाना, हे मूळचे कुठले?”

जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न नानांना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. त्यांनी उपरणं सारखं केलं.

“याच घरचे,” ते म्हणाले. “माझ्याही आधीपासून.”

पूजा झाली. फुलमतीनं नव्या ओट्यावर दूध उतू घातलं, आणि हात पुसत विचारलं, “काका, इत्ते बड़े घर में अकेले रहोगे?” नाना खिडकीची कडी लावून बघत राहिले, ती चांगली लागत असूनही. मग म्हणाले, “तुम्हारा काम अब किधर?” हिंजवडीला, म्हणाली ती. “तो फिर रविवार को आने का. बस डायरेक्ट है.”

ती दोघं खरंच येतात. रविवारी समोरच्या दारातून भाजणीच्या थालीपिठाचा वास येतो. नाना स्वतः लावतात, जाड आणि एका बाजूनं करपलेलं. देशातल्या घरांचा प्रश्न अजूनही चर्चेला असतो, बाहेरच्यांचा दोषही तसाच, आणि रामअवतारची “सही बात, काका” मला इथवर ऐकू येते. मात्र बस यायच्या बऱ्याच आधीपासून नाना गॅलरीत उभे असतात, आणि तेव्हा त्यांना कुणी वेळ विचारली, तर मूळ गाव न विचारता अगदी बरोबर सांगतात.